निल्सनसाहेबांची जुलैची बोट

इटलीहून आलेलं ते पत्र मी तीनदा वाचलं. इंग्रजी मोडकंतोडकं होतं, पण मतलब स्वच्छ होता. हॉटेलच्या मालकीणबाईंनी लिहिलं होतं, की आपलं पत्र पावलं, आनंद झाला, पण आपण डिसेंबर महिना का निवडलात ते कळलं नाही. डिसेंबरात आमच्याकडे पावसाळा असतो. समुद्र खवळलेला असतो. लाँच कधी येते, कधी येत नाही. हॉटेल तर नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत बंदच असतं. आपल्या साहेबांची तब्येत बरी आहे ना?

साहेब दोन दिवसांनी दौऱ्यावरून परत यायचे होते. त्यांची जुलैच्या बोटीवरची जागा मी स्वतःच्या हाताने सोडून दिली होती आणि तिच्या बदल्यात डिसेंबरची घेतली होती. त्यांना न विचारता. त्यांच्या भल्यासाठी.

ही १९५६ सालची गोष्ट. चिंचवडच्या माळावर तेव्हा बोटांवर मोजण्याइतके कारखाने होते. स्टेशनातून बाहेर पडलं की बाभळी, ज्वारीची शेतं आणि मध्येच आमच्या पंपांच्या कारखान्याची पत्र्याची शेड. मी तळेगावला मामांकडे राहायचे आणि सकाळच्या पॅसेंजरने कामाला यायचे. हुद्दा स्टेनो-टायपिस्ट. साहेबांनी सांगितलेला मजकूर शॉर्टहँडमध्ये उतरवून घ्यायचा आणि मग टाइप करायचा, हे मुख्य काम. पण ऑफिसात इंग्रजी पत्रव्यवहार नीट करणारी मी एकटीच, त्यामुळे परदेशी लोकांचे पॅसेजही माझ्याकडे आले. पॅसेज म्हणजे बोटीचं तिकीट. विमानाने जाणं ही तेव्हा मंत्र्यासंत्र्यांची गोष्ट होती. बाकीच्यांनी बोटीने जायचं.

निल्सनसाहेब स्वीडनचे. मशीन शॉप त्यांनीच उभं केलं होतं. उंच, अबोल माणूस. इथे येण्याच्या आदल्या वर्षी त्यांची बायको वारली होती. मुलगी कारिन, नऊ वर्षांची, तिकडे आजीपाशी होती. दोन वर्षांत बापलेकीची भेट नव्हती. करार तीन वर्षांचा, आणि मधली रजा सहा आठवड्यांची. मुंबईहून नेपल्सला जायला बारा दिवस, यायला बारा दिवस. तिथून पुढे आगगाडीने स्वीडनला जाऊन यायचं म्हटलं तर हातात दिवस उरणार किती? म्हणून साहेबांनी एक तोडगा काढला होता. मार्चमध्ये एकदा त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि टेबलावर नकाशा पसरला.

"मिस परुळेकर, माझी आई कारिनला घेऊन खाली नेपल्सला येईल. मी बोटीने तिथे पोचेन. आणि मग आम्ही तिघं इथे जाणार," असं म्हणून त्यांनी नेपल्सच्या समोरच्या निळ्या रंगात पेन्सिलीचं टोक टेकवलं.

मला काहीच दिसेना. वाकून पाहिलं तेव्हा तिळाएवढा ठिपका दिसला. इस्किया नावाचं बेट. साहेब सांगत होते, की तिथे वाळूतच गरम पाण्याचे झरे आहेत, सकाळी कोळी होड्या ओढून घेतात, लिंबाच्या बागा थेट समुद्रापर्यंत उतरतात. बारा-तेरा दिवस राहायचं आणि काही करायचं नाही. कारिन तिकडच्या तळ्यात पोहायला शिकली होती. वडिलांना समुद्रात पोहून दाखवायचं, असं तिने पत्रात लिहिलं होतं. दोन वर्षांत साहेब माझ्याशी जेवढं बोलले नव्हते तेवढं त्या अर्ध्या तासात बोलले.

मी हरखून गेले. माझी सगळी नोकरी पंप, व्हॉल्व्ह आणि कास्टिंगच्या पत्रांत चालली होती. त्यात हे भूमध्य समुद्रातलं बेट. मी मामांच्या शाळेतून जुना ॲटलास आणला, ट्रेसिंग पेपरवर बेटाचा नकाशा काढला आणि टेबलावरच्या काचेखाली ठेवला. आठवडाभरात ऑफिसभर तीच चर्चा. साहेबांनी बरोबर काय न्यावं, तिकडे जेवण कसं मिळेल, आजीबाईंना एवढा प्रवास झेपेल का, यावर ज्याला त्याला मत होतं. अकाउंट्सच्या माणसांनी तर मेतकूट द्यायचं नक्की करून टाकलं. कोणी विचारलं असतं तर आम्ही सगळेच चाललोय असं वाटलं असतं.

मी बोट कंपनीच्या मुंबई ऑफिसला लिहून जुलैच्या पहिल्या आठवड्यातल्या बोटीचा बर्थ ऑप्शनवर ठेवला. ऑप्शन म्हणजे जागा आपल्या नावाने काही आठवडे राखून ठेवतात, तेवढ्यात पक्कं करायचं किंवा सोडून द्यायचं. मग साहेब महिनाभरासाठी श्रीरामपूरकडच्या एका साखर कारखान्यात पंप बसवायला गेले. जाताना नेहमीप्रमाणे पाच-सहा कोऱ्या लेटरहेडवर सह्या करून गेले. आमच्याकडे तशी पद्धतच होती. साहेब दौऱ्यावर, पत्रं तर जायलाच हवीत. सही त्यांची, मजकूर आमचा.

आणि इथे माझी अक्कल जागी झाली.

मी देवगडची. समुद्राचं काय असेल ते मला विचारा, असा माझा ताठा. आमच्याकडे मे महिना संपत आला की आगबोटी बंद. बंदरात होड्या ओढून वर घेतात, झापांनी झाकतात, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राकडे फक्त लांबून बघायचं. लहानपणापासून मी हेच पाहिलेलं. एके दिवशी टायपिंग करता करता माझं लक्ष काचेखालच्या नकाशाकडे गेलं आणि मी थांबले. मोठी बोट जुलैत जात असेल, तिचं काय, ती लोखंडी घरासारखी. पण नेपल्सहून बेटावर जायला लाँच. ऐन आषाढात लाँच कशी चालेल? बिचारे साहेब, स्वीडनच्या बर्फातले. त्यांना आपल्या समुद्राचं काय ठाऊक? दोन वर्षांनी मुलगी भेटणार आणि तिघं नेपल्सच्या धक्क्यावर पावसात भिजत बसणार.

साहेबांच्या डायरीत कारिनच्या शाळेच्या सुट्ट्या लिहिलेल्या होत्या. त्यात नाताळची सुट्टी होती. नाताळ म्हणजे त्यांची दिवाळीच. डिसेंबरात समुद्र कसा असतो? तेलासारखा. आमच्याकडे लग्नाची वऱ्हाडं होडीतून जातात डिसेंबरात. माझ्या डोळ्यांपुढे चित्रच उभं राहिलं आणि मी धावत अण्णांकडे गेले.

अण्णा बापट आमचे ऑफिस सुपरिंटेंडेंट. जन्म पुण्यात, समुद्र एकदाच चौपाटीवर पाहिलेला. त्यांनी माझं म्हणणं शांतपणे ऐकलं.

"जुलैत बेटावर?" ते म्हणाले. "माणूस इंजिनियर म्हणून मोठा, पण व्यवहार शून्य. तुम्ही कोकणातल्या, तुम्हाला कळतं. बदला."

"साहेबांना विचारायला नको का? साखर कारखान्याच्या पत्त्यावर लिहू?"

"तिकडे त्यांच्या डोक्याला ताप कशाला? आल्यावर सांगू. खूश होतील."

झालं. मी एक कोरं लेटरहेड घेतलं आणि साहेबांच्या सहीच्या वरच्या जागेत जुलैचा बर्थ सोडत असल्याचं आणि डिसेंबरचा पक्का करत असल्याचं सुबक टाइप केलं. रजेच्या अर्जावरची तारीख बदलली, अण्णांनी कोपऱ्यात इनिशिअल केलं. साहेब बेटावर ज्या हॉटेलात उतरणार होते, त्यालाही डिसेंबरच्या खोल्या मागणारं पत्र एअरमेलने गेलं. त्या दिवशी मी पॅसेंजरमध्ये गाणं गुणगुणत घरी गेले, हे मला स्पष्ट आठवतं.

तर त्या हॉटेलचं हे उत्तर. भूमध्य समुद्राकडे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत असतो, हे शाळेत भूगोलात शिकले होते. परीक्षेत लिहिलंही होतं. पण भूगोल परीक्षेपुरता आणि समुद्र देवगडचा, अशी माझ्या डोक्यात वाटणी होती.

मी लगेच मुंबईला ट्रंक कॉल लावला. ट्रंक कॉल म्हणजे एक्स्चेंजकडे नंबर नोंदवायचा आणि वाट पाहायची. दोन तासांनी लागला. बोट कंपनीत डिसोझा म्हणून बुकिंग क्लार्क होते, पत्रांमधून ओळख होती.

"मिस परुळेकर, जुलै फुल आहे. तुम्ही सोडलेला बर्थ त्याच दिवशी गेला. वेटिंग लिस्टवर अकरा माणसं आहेत."

"बाराव्या नंबरवर घ्या."

"घेतो. पण खोटी आशा देत नाही. जुलै-ऑगस्टला स्टुडंट लोक जातात, ते कॅन्सल करत नाहीत."

"दुसरा काही मार्ग नाही?"

डिसोझा म्हणाले, "एक आहे. दोन पक्के पॅसेंजर आपापसात बोट बदलून घेत असतील, त्याने तुमची घ्यायची, तुम्ही त्याची, तर वेटिंग लिस्टचा संबंध येत नाही. दोघांच्या सहीचं पत्र पाहिजे. पण असा माणूस तुम्हाला शोधावा लागेल. मला नावं देता येत नाहीत."

असा माणूस मी माळावर कुठे शोधणार होते? फोन ठेवून मी अण्णांकडे गेले. त्यांनी हॉटेलचं पत्र वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मी फक्त इनिशिअल केलं होतं," ते म्हणाले.

निल्सनसाहेब ठरल्या दिवशी सकाळी आले. उन्हाने लाल झाले होते, पण खुशीत होते. केबिनमध्ये जाण्याआधी माझ्या टेबलाशी थांबले आणि काचेखालच्या नकाशावर बोटाने टिचकी मारली.

"काय म्हणतं आपलं बेट?"

मी उभी राहिले. रात्रभर जुळवलेली वाक्यं विसरून गेले आणि जे घडलं ते सरळ सांगून टाकलं. आगबोटी, लाँच, आषाढ, नाताळ, कोरं लेटरहेड. हॉटेलचं पत्र त्यांच्या हातात दिलं. अण्णा दारात येऊन उभे राहिले होते. शिपाई ज्ञानोबा भोईर स्टुलावरून उठला होता.

साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पत्र घडी करून परत दिलं.

"मी कारिनला तारीख कळवली आहे," ते म्हणाले. "तिने कॅलेंडर केलंय. रोज एक दिवस खोडते." मग म्हणाले, "डिसेंबरात आईला प्रवास जमणार नाही. थंडीत तिची छाती भरते. आणि एकट्या मुलीला कोण पाठवणार?"

"साहेब, मी काहीतरी करते."

"काय करणार?"

साहेब केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं. मी खुर्चीवर बसले आणि मला रडू आलं. आपल्या शहाणपणामुळे एक पोर वर्षभर आणखी बापाशिवाय राहणार, हे काही केल्या डोक्यातून जाईना.

ज्ञानोबाने पाण्याचा ग्लास आणून ठेवला. तो चिंचवड गावातला जुना माणूस, पन्नाशीचा. इंग्रजी त्याला येत नसे, पण ऑफिसात काय चाललंय हे त्याला आमच्याआधी कळायचं.

"बाई, एक इचारू का?" तो म्हणाला. "ती जुलैची बोट. त्यात आपली मान्सं असत्याल का समदी गोरी?"

"आपलीही असतील. बरीच."

"मग त्येंच्या घरात म्हाताऱ्या न्हाईत व्हय?"

मला कळेना. "म्हणजे?"

"आवं, तुमाला वाटलं आखाडात दर्यात जाऊ नये. अन्नांना वाटलं. मला इचारलं असतं तर मी बी त्येच सांगितलं असतं. मग ज्याचं पोरगं त्या बोटीत बसणार हाय, त्याच्या घरची म्हातारी गप ऱ्हाईल का? रोज डोळ्याला पदर लावून बसली आसंल. आसं घर गावलं की झालं न्हवं?"

खरंच की. मी काही जगावेगळी मूर्ख नव्हते. माझ्यासारखा विचार करणारी अख्खी पेठ पुण्यात बसली असणार, आणि त्यांतल्या एखाद्याच्या खिशात जुलैचं तिकीट असणार. मी तिथल्या तिथे कागद ओढला आणि पुण्याच्या वर्तमानपत्रासाठी जाहिरात लिहिली:

'जुलैच्या आरंभी मुंबईहून नेपल्सला जाणाऱ्या बोटीचा बर्थ ज्यांच्याकडे आहे, परंतु ऐन पावसाळ्यात समुद्रप्रवास करण्यास घरून विरोध आहे, अशा गृहस्थांस त्याच कंपनीचा डिसेंबरमधील बर्थ बदलून मिळेल.'

"'घरून विरोध' काढा," अण्णा म्हणाले. "चांगलं दिसत नाही."

"तेच राहू दे," मी म्हटलं. त्या दिवसापुरती तरी अण्णांचं ऐकायची माझी तयारी नव्हती.

मग मी साहेबांचं दार वाजवलं. जाहिरातीचा मजकूर इंग्रजीत करून त्यांना वाचून दाखवला. छापू का, असं विचारलं. त्यांनी दोनदा वाचायला लावला.

"मिस परुळेकर, तुमच्या देशात अशा जाहिरातीला उत्तर येतं?"

"येईल असं वाटतं."

"मग छापा," ते म्हणाले. चेहरा तसाच होता, पण दार त्यांनी उघडं ठेवलं.

रविवारी जाहिरात आली. सोमवारपासून मी टपालवाल्याची वाट बघायला फाटकापर्यंत जायला लागले. सगळा कारखानाच माझ्याबरोबर त्या उत्तराची वाट बघत होता. मशीन शॉपमधले फिटर जेवणाच्या सुट्टीत विचारायचे, "बाई, आली का हो म्हातारी?" ज्ञानोबाने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

बुधवारपर्यंत तीन पत्रं आली. पहिल्याचा बर्थ आफ्रिकेच्या बोटीचा निघाला. दुसऱ्या गृहस्थांना फक्त एवढंच कळवायचं होतं, की पावसाळ्यात समुद्रप्रवास करू नये हे शास्त्रात कुठेही सांगितलेलं नाही. तिसरं पत्र नारायण पेठेतल्या साठे नावाच्या छापखान्याच्या मालकांचं होतं. त्यांना छपाईचं मशीन बघायला मिलानला जायचं होतं, बर्थ आमच्याच बोटीचा होता, आणि शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, की जाहिरातीतली दुसरी अट आमच्या घरी पुरेपूर लागू आहे. मी ते पत्र हातात धरून ऑफिसभर पळत सुटले. एरवी मला असं पळताना कोणी पाहिलं नव्हतं.

साठे शुक्रवारी स्वतः आले आणि आईंना बरोबर घेऊन आले. आई सत्तरीच्या, नऊवारीत, हातात कापडी पिशवी. चिंचवड स्टेशनपासून टांग्यात बसून आल्या होत्या. त्यांनी साहेबांकडे एकदा वर-खाली पाहिलं, अण्णांकडे पाहिलंही नाही, आणि सरळ माझ्यासमोर बसल्या.

"जाहिरात तू दिलीस?"

"हो."

"कुठली तू?"

"देवगडची."

"मग तुला समुद्र कळतो. मला एक सांग. डिसेंबरात समुद्र शांत असतो ना? याला काही होणार नाही ना?"

साहेब केबिनच्या दारात उभे होते. त्यांना मराठी येत नव्हतं, पण म्हातारीने काय विचारलं ते त्यांना बरोबर समजलं असावं. माझ्या एका 'हो'वर सगळं मिटणार होतं. आणि ते हो अर्धं खरंही होतं. पण महिन्यापूर्वी मी एका माणसाच्या वतीने ठरवून मोकळी झाले होते, त्याचं फळ समोर उभं होतं.

"आई, आपल्याकडचा समुद्र शांत असतो," मी म्हटलं. "एडनपर्यंत काही काळजी नाही. पण तिकडे, इटलीकडे, पावसाळा डिसेंबरात असतो. तिकडचे शेवटचे तीन-चार दिवस त्रास होऊ शकतो. जुलैत याच्या उलट. मला आधी माहीत नव्हतं, आता माहीत आहे."

अण्णांनी कपाळाला हात लावला. साठ्यांच्या आईंनी पिशवी मांडीवर घेतली. मग मुलाकडे वळल्या.

"तुला कधी जायचंय रे?"

"मला काय," साठे म्हणाले. "मशीन जुलैतही लोखंडाचं आणि डिसेंबरातही लोखंडाचं. जुलैचं ऐकल्यापासून तू धड जेवत नाहीस. तू जेवशील तेव्हा मी जाईन."

म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "या साहेबाला जुलैतच का जायचंय?"

मी कारिनचं सगळं सांगितलं. आई नसलेली पोर, आजी, कॅलेंडर, पोहून दाखवायचं. बाईंनी परत एकदा साहेबांकडे पाहिलं, या वेळी जरा निरखून.

"तिकडचा पाऊस तिकडचे लोक बघून घेतील," त्या म्हणाल्या. "आपला समुद्र ओलांडेपर्यंत माझा जीव टांगलेला राहील, तेवढं टळलं की झालं. आण तो कागद."

दोघांच्या सह्या झाल्या. मी पत्र तीन प्रतींत टाइप केलं होतं, तरी चौथी प्रत करावीशी वाटत होती. साहेबांनी वाकून आईंना नमस्कार केला. हात जोडायचे की हस्तांदोलन करायचं हे न कळून त्यांनी दोन्ही केलं. पिशवीतून बाईंनी बेसनाचे लाडू काढून त्यांच्या हातात ठेवले आणि मला म्हणाल्या, "त्याला सांग, पोरीला एकटीला लांब पोहायला सोडू नकोस."

मी सांगितलं. साहेब म्हणाले, "नाही सोडणार."

चार दिवसांत डिसोझांचं पत्र आलं. जुलैचा बर्थ निल्सन यांच्या नावे पक्का. हॉटेलला जुलैचं पत्र गेलं. कारिनला तार गेली, ती तार मी स्वतः पोस्टात जाऊन केली. तारीख तीच. कॅलेंडरला धक्का नाही. त्या दिवशी मशीन शॉपमध्ये ओव्हरटाइम असतानाही चहा-भजी झाली आणि ज्ञानोबाला पहिली बशी मिळाली.

साहेब जुलैत गेले आणि ऑगस्टच्या मध्यावर परत आले. अंगावर मूठभर मांस चढलं होतं. आल्या आल्या माझ्याकडे येऊन म्हणाले, "एडनपर्यंत समुद्राबद्दल तुमचं बरोबर होतं. चार दिवस मी अन्नाला शिवलो नाही." मग आम्ही सगळे त्यांच्याभोवती जमलो आणि त्यांनी सगळं सांगितलं. बेटावर आकाशात ढग म्हणून नाही. लाँच दिवसातून सहा वेळा जाते. वाळू एवढी गरम, की कोळी तिच्यात अंडी पुरून उकडतात. आजीबाई रोज त्या वाळूत गुडघे शेकत बसायच्या आणि कारिन सकाळ-संध्याकाळ पाण्यात. मेतकूट हॉटेलच्या मालकीणबाईंनी माशाला लावून तळलं आणि ते फर्मास लागलं, हे ऐकून अकाउंट्सची मंडळी महिनाभर छाती काढून फिरली.

त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी सुवेझचं भांडण पेटलं. बॉम्ब पडले, कालव्यात जहाजं बुडवली, वाहतूक बंद झाली. मुंबईहून युरोपला जाणाऱ्या बोटी आफ्रिकेला वळसा घालून जायला लागल्या. साठ्यांची बोटही तशीच गेली. त्यांचं मोंबासाहून पत्र आलं, की प्रवास दुपटीने लांबला आहे, पण समुद्र शांत आहे आणि घरी आईला तेवढंच कळवलं आहे.

कालवा बंद झाल्याची बातमी आली त्या दिवशी निल्सनसाहेब वर्तमानपत्र घेऊन माझ्या टेबलाशी आले. त्यांनी खुर्ची ओढली. असं ते कधी करत नसत.

"तुमच्या डिसेंबरच्या प्लॅनप्रमाणे मी नेपल्सला कधी पोचलो असतो?"

मी फाइल न उघडता सांगितलं, "नाताळच्या तीन दिवस आधी." मला ती तारीख पाठ होती.

"पोचलोच नसतो," ते म्हणाले. मग त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "मिस परुळेकर, एक गोष्ट मी इथे कुणाला सांगितली नाही. जुलैत मी बोटीवरून उतरलो. धक्क्यावर गर्दी होती. आई आणि कारिन दहा पावलांवर होत्या. मी हात केला. कारिन माझ्याकडे बघत होती. बघत बघत तिने आजीला विचारलं, यातले बाबा कोणते?"



"दोन वर्षांत एवढं होतं," साहेब म्हणाले. "आणखी एक वर्ष गेलं असतं तर तिने विचारलंही नसतं." ते उठले, खुर्ची जागेवर ठेवली आणि मशीन शॉपकडे गेले.

पुढे मी त्याच कारखान्यात पस्तीस वर्षं काढली. स्टेनोची ॲडमिनिस्ट्रेटिव्ह ऑफिसर झाले, बोटींची विमानं झाली, शेकडो लोकांचे प्रवास ठरवले. माझ्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी दोन गोष्टी सांगायचे. कोऱ्या कागदावर कुणाची सही घ्यायची नाही. आणि ज्याचा प्रवास आहे त्याला विचारल्याशिवाय त्याच्या भल्याचं काही करायचं नाही. बहुतेकांना पहिली गोष्ट महत्त्वाची वाटायची.